ओहोटीच्या खडकावरील प्रयोग

श्रोतेहो, कोकणात ज्यांचे घर समुद्राजवळ आहे त्यांनी सुकतीच्या वेळी उघडा पडलेला कातळ अनेकदा पाहिला असेल. पाणी मागे हटले म्हणजे बायका टोपली नि लोखंडी हत्यार घेऊन कालवे काढावयास त्या कातळावर उतरतात. अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाला तिथे जे पांढरे, खरखरीत, टोकदार काहीतरी बोचते, ते दगडाचे कण नसून जिवंत प्राणी असतात, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. होडी वर ओढून तिचे बूड खरवडावे लागते, तेही ह्यांच्याचपायी. ह्या प्राण्याला इंग्रजीत बार्नेकल म्हणतात. चुन्याच्या इवल्याशा घरात हा डोके खाली, पाय वर करून जन्मभर बसतो, आणि भरतीचे पाणी आले की पायांनी अन्न आत ओढून घेतो. दिसतो शंखशिंपल्यांसारखा, पण नाते विचाराल तर कोळंबी-खेकड्यांशी.

आता ह्याच कातळाकडे थोडे लांब उभे राहून पाहा. वरपासून खालपर्यंत पट्टे पडलेले दिसतील. अगदी वर बारीक गोगलगायी, त्याखाली बार्नेकलांचा पांढुरका पट्टा, मग कालवे, आणि पाण्यालगत शेवाळ. जणू कुणी दोरी धरून आखले आहेत. हे पट्टे का पडतात, असे विचारले तर कुणीही शहाणा मनुष्य सांगेल, की ज्याला जितका वेळ पाण्याबाहेर राहणे सोसते तितक्या उंचीवर तो राहतो. उन्हात तग धरणारे वर, न धरणारे खाली. झालं. उत्तर सरळ आहे, पटणारे आहे, आणि शास्त्रज्ञांनीही दीर्घकाळ मुख्यत्वे हेच उत्तर दिले. परंतु ते अर्धेच खरे निघाले. उरलेले अर्धे कसे सापडले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे, इतिहास शिकवणारा मनुष्य आहे. पण ही हकीकत इतिहासाचीच आहे.

एकोणिसाव्या शतकात समुद्रातील जीवांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः गोळा करणे. जीव पकडावा, मद्यार्काच्या बाटलीत घालावा, वर नावाची चिठ्ठी लावावी. ह्या कामाला मी कमी लेखत नाही. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे नुसत्या बार्नेकलांवर घालवली. घरात हा उद्योग इतका नित्याचा झाला होता, की त्याच्या एका मुलाने शेजारच्या घरी गेल्यावर, ह्यांच्या वडिलांचे बार्नेकलांचे काम कुठल्या खोलीत चालते, असे विचारल्याची गोष्ट सांगतात! पोराला वाटले, प्रत्येकाच्या घरी बाप हेच करीत असणार. पण डार्विनने पाहिलेले बार्नेकल बहुतांशी मेलेले होते, देशोदेशींहून टपालाने आलेले.

त्याआधी आयर्लंडमधील कॉर्क येथे एका लष्करी डॉक्टरने निराळी वाट धरली होती. जॉन व्हॉन टॉम्सन त्याचे नाव. समुद्रातून जाळ्यात आलेले, पोहणारे बारीक जीव त्याने काचेच्या भांड्यात समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवले आणि तो पाहत बसला. काही दिवसांनी ते जीव भांड्याला चिकटले आणि त्यांचे बार्नेकल झाले. तोवर बार्नेकलांची गणना शिंपल्यांच्या वर्गात होत होती. १८३० साली टॉम्सनने हे प्रसिद्ध केले, आणि एका काचेच्या भांड्याने ह्या प्राण्याचे कूळ बदलले.

पुढे १८७२ च्या डिसेंबरात 'चॅलेंजर' हे इंग्रजी जहाज पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले ते १८७६ च्या मे महिन्यात परतले. सुमारे ६९ हजार सागरी मैलांचा प्रवास झाला, आणि आणलेल्या सामग्रीवर अहवालांचे ५० खंड छापले गेले. इकडे इटलीत नेपल्स येथे आंतोन डोर्न ह्या जर्मन गृहस्थाने १८७२ साली किनाऱ्यावरच प्रयोगशाळा बांधावयास घेतली. तिथे समुद्राचे ताजे पाणी टाक्यांत खेळते असे आणि निरनिराळ्या देशांचे अभ्यासक एकेका टेबलाचे भाडे भरून काम करीत. जीव जिवंत मिळू लागले हे खरे, पण ते टाकीतले. घर सोडून आलेल्या माणसाची जशी निम्मीच ओळख पटते, तसाच तो प्रकार होता. टाकीत खारटपणा बदलून पाहता येई, ऊनपाणी कमीजास्त करता येई. बाहेर मात्र शेजारीपाजारी असतात, शत्रू असतात, जागेसाठी रेटारेटी असते. ते टाकीत कुठून येणार?

'चॅलेंजर'वरचा एक तरुण जॉन मरे पुढे स्कॉटलंडमध्ये राहिला. त्याने एका मालवाहू पडावावर तरंगती प्रयोगशाळा उभारली व तिला 'आर्क' म्हणजे नोहाचे तारू असे नाव दिले. १८८५ साली हे तारू ग्लासगोजवळच्या ग्रेट कंब्रे बेटावर मिलपोर्ट येथे आणून बांधले. पंधरा वर्षांनी, १९०० साली, वादळात ते फुटले. परंतु तोवर बेटावर पक्की इमारत उभी राहिली होती. हे मिलपोर्ट ध्यानात ठेवा. आपल्या हकीकतीला कलाटणी तिथेच मिळाली.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या माऱ्यात, काही बदल करून पाहावा ही कल्पना मात्र मिलपोर्टची नव्हे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर हॅटन नावाच्या अभ्यासकाने असे प्रयोग करून १९३८ साली ते छापले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, आइल ऑफ मॅन बेटावरील संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. तिथल्या खडकांवर लिंपेट नावाची टोपीसारख्या कवचाची एक गोगलगाय असते. हाताने उपटू म्हटले तर निघत नाही इतकी घट्ट चिकटते. भरतीच्या वेळी ही हळूहळू फिरते आणि खडकावर उगवू पाहणारे शेवाळाचे कोंब खरवडून खाते. ह्या मंडळींनी खडकाच्या एका पट्ट्यावरून सगळे लिंपेट काढून टाकले. थोड्याच महिन्यांत तो उघडाबोडका पट्टा हिरवागार झाला, आणि मग तिथे समुद्रवनस्पतींचे रान माजले. बाजूचा खडक होता तसाच उघडा. म्हणजे तो उघडा होता तो लाटांमुळे नव्हे की उन्हामुळे नव्हे, लिंपेटांमुळे!

देशावरच्या श्रोत्यांना हे नवे वाटावयाचे नाही. गायरानाचा एक कोपरा कुंपण घालून दोन पावसाळे राखला, की आत गवत नि झुडपे माजतात आणि कुंपणाबाहेर जमीन उघडीच राहते. जमीन तीच, पाऊस तोच. फरक गुराच्या तोंडाचा.

ह्या साध्या ज्ञानाचे मोल वीस वर्षांनी कळले. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ खडकावर आदळले. त्यात सव्वा लाखाच्या आसपास टन खनिज तेल होते. किनाऱ्याला लागलेले तेल धुऊन काढण्यासाठी दहा हजार टनांहून अधिक रसायने ओतण्यात आली. त्या काळची ही रसायने तेलाहून विषारी होती. लिंपेट सरसकट मेले. आणि मग आइल ऑफ मॅनच्या एका पट्ट्यावर घडले तेच मैलोगणती किनाऱ्यावर घडले. खडक हिरवे झाले, नंतर दाट वनस्पतींनी झाकले गेले. जिथे रसायनांचा मारा जास्त झाला होता तिथे पूर्वस्थिती यावयास दहा-पंधरा वर्षे लागली. जिथे तेल आले पण रसायने ओतली नाहीत, तिथला किनारा त्याहून फार लवकर सावरला. साफसफाईचा उत्साह कधीकधी घाणीपेक्षा महाग पडतो तो असा.

आता मिलपोर्टकडे वळू. १९५० नंतरच्या काळात जोसेफ कॉनेल नावाचा एक अमेरिकन तरुण तिथे डॉक्टरेटसाठी आला. आधी कॅलिफोर्नियात तो सशांचा अभ्यास करीत होता. सापळे लावायचे नि वाट बघत बसायचे. ससे सापडत थोडे, त्यामुळे आकडे जमत थोडे. अंगठ्याहून मोठ्या प्राण्याचा अभ्यास पुन्हा करायचा नाही, असा त्याने निश्चय केला असे सांगतात. तेव्हा बार्नेकलांशी त्याची गाठ पडावी हे ठीकच झाले. लहान, चिक्कार, आणि मुख्य म्हणजे एकदा चिकटला की जागचा हलत नाही! आज पाहिलेला प्राणी महिन्याने तिथेच असतो. नसला तर मेला असे खुशाल समजावे.

त्या खडकावर बार्नेकलांच्या दोन जाती होत्या. एक लहानखुरी, तिचे नाव थॅमॅलस. ती वरच्या पट्ट्यात. दुसरी दांडगी, बॅलॅनस. ती खालच्या पट्ट्यात. पुस्तकी उत्तर सांगत होते, की थॅमॅलसला खाली मानवत नाही म्हणून ती वर राहते. पण कॉनेलच्या नजरेस एक गोष्ट आली. थॅमॅलसची पोहणारी पिल्ले खालीही येऊन चिकटत. मोठी झालेली थॅमॅलस मात्र खाली दिसत नसे. मधल्या काळात त्यांचे होते काय?

त्याने थॅमॅलस चिकटलेले दगड वरून काढले आणि खालच्या निरनिराळ्या पातळ्यांवर स्क्रूने पक्के बसवले. वसंतात त्यांवर बॅलॅनसची पिल्ले येऊन बसली. मग प्रत्येक ठिकाणी त्याने दोन भाग केले. एका भागातील थॅमॅलसभोवतीची बॅलॅनस सुईने टोचून काढून टाकली, दुसऱ्या भागास हात लावला नाही. प्रत्येक प्राण्याची जागा नकाशावर मांडली होती. तो पुनःपुन्हा ओहोटीला जाऊन नकाशाशी ताळा करी. स्कॉटलंडच्या थंडीवाऱ्यात, गुडघे टेकून, भिंगातून. हे काम कसे असेल ह्याची कल्पना करा.

निकाल स्वच्छ होता. जिथे बॅलॅनस काढली होती तिथे थॅमॅलस खालच्या पातळीवरही सुखाने जगली. जिथे ठेवली होती तिथे बॅलॅनस वाढता वाढता थॅमॅलसच्या अंगावर चढली, तिला बाजूने चेपले, क्वचित तिच्या कवचाखाली शिरून तिला पाचर मारावी तसे खडकावरून उखडले. म्हणजे थॅमॅलसला खाली पाणी मानवत नव्हते हे खोटे. शेजारी जगू देत नव्हता. उलट बॅलॅनस अगदी वर का जात नाही ह्याचे उत्तर जुन्याच पुस्तकात बरोबर होते. १९५५ सालच्या उबदार, कोरड्या हवेत वरच्या कडेची बॅलॅनस मोठ्या संख्येने मेली, थॅमॅलस टिकली. वरची कड उन्हाने ठरते, खालची कड शेजाऱ्याने. कॉनेलने आणखी एक प्रयोग केला. बार्नेकलांना भोक पाडून खाणारे शंख दूर ठेवण्यासाठी त्याने खडकावर तारेच्या जाळीचे पिंजरे बसवले, आणि त्या शंखांमुळे किती बॅलॅनस मरतात तेही मोजले. हे सर्व १९६१ साली प्रसिद्ध झाले.

ह्यात भव्य असे काही नाही. एक सुई, थोडे स्क्रू, जाळीचे तुकडे. परंतु मला वाटते, ह्या कामाचा खरा कणा म्हणजे तो दुसरा, हात न लावलेला अर्धा भाग. तो नसता तर थॅमॅलस जगली ती बॅलॅनस नव्हती म्हणून, की त्या वर्षी हवा चांगली होती म्हणून, हे कुणी सांगितले असते? आम्हा इतिहासवाल्यांची अडचण नेमकी हीच आहे. अमुक पुरुष झाला नसता तर राज्य टिकले असते का, ह्यावर आम्ही ग्रंथ लिहितो. पण तो पुरुष वगळलेले दुसरे शतक, पहिल्याला लागून, आम्हांला कुठे मिळते? असो.

ह्यानंतरचा प्रयोग पॅसिफिक महासागराच्या काठचा. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात मुक्कॉ नावाचा एक उपसागर आहे. १९६३ साली रॉबर्ट पेन नावाचा तिशीतला प्राध्यापक तिथे पोचला. मिशिगन येथे शिकत असताना त्याच्या गुरूने, फ्रेडरिक स्मिथ ह्यांनी, विद्यार्थ्यांना खिडकीबाहेरचे झाड दाखवून विचारले होते, की हे झाड हिरवे कशामुळे राहिले आहे? पानातल्या हिरव्या द्रव्यामुळे, हे उत्तर त्यांना नको होते. पाने खाणारे किडे एवढे असताना ते सगळे झाड फस्त का करीत नाहीत, असा प्रश्नाचा रोख होता. त्यांचे उत्तर असे, की किड्यांना खाणारे आहेत म्हणून. १९६० साली स्मिथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा विचार छापला, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पण वाद कागदावरचा होता. जंगलातून सगळे किडेखाऊ पक्षी काढून पाहणार कोण?

समुद्रकाठी ते जमण्याजोगे होते. मुक्कॉच्या खडकावर सर्वांना खाणारा प्राणी म्हणजे तारामासा. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे. पाच हातांचा, जांभळा किंवा नारिंगी, वीतभर, अगदी मंद चालीचा. ह्याची खाण्याची रीत विलक्षण आहे. शिंपल्याच्या दोन्ही झडपांना तो हातांखालच्या असंख्य नळीवजा पायांनी धरतो आणि ओढत राहतो. फट थोडी किलकिली झाली की आपले पोटच बाहेर काढून त्या फटीतून आत सोडतो आणि शिंपला जागच्या जागी पचवतो. तिथल्या मसल नावाच्या काळ्या शिंपल्यांवर त्याचा विशेष डोळा. गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांचेच हे भाऊबंद.

पेनने सुमारे ८ मीटर लांब व २ मीटर उंचीचा खडकाचा तुकडा निवडला. तिथले सगळे तारामासे त्याने पहारीने उचकटून काढले आणि लांब समुद्रात भिरकावून दिले. नवे येत, तेही पुढच्या फेरीत भिरकावी. लगतचा तसाच तुकडा त्याने आहे तसा सोडला. महिन्यातून एकदोनदा जायचे, तारामासे फेकायचे, बाकीचे मोजायचे. ह्यापलीकडे काही नाही.

आता आपण अंदाज करा. वाघ गेला तर हरणे वाढावी, तसे खाणारा गेल्यावर खडकावरचे सगळे प्राणी गुण्यागोविंदाने वाढावयास हवेत. पहिल्या काही महिन्यांत बार्नेकल खरोखरच माजले. सप्टेंबरपर्यंत अर्ध्याहून अधिक जागा त्यांनीच व्यापली. पण पुढल्या उन्हाळ्यापर्यंत भराभर वाढणारे मसल त्यांच्यावर चढू लागले. शेवाळ जागेअभावी गेले. शेवाळ खाणारे जीव गेले. सुरुवातीस त्या तुकड्यावर १५ जाती होत्या, त्यांच्या ८ च उरल्या. आणि जसजसा काळ गेला तसतशी काळ्या मसलांची सलग सतरंजी पसरत गेली. शेजारच्या तुकड्यावर, जिथे तारामासे रोज शिंपले खात होते, तिथे सगळ्या जाती पूर्वीप्रमाणे नांदत होत्या.

शेतकरी श्रोत्यांना हे एका शब्दात कळेल. मसल म्हणजे तिथली हरळी. खुरपणी थांबली की हरळी बाकी सगळ्यांना गिळते. तारामासा ही त्या खडकाची खुरपणी होती. तो मारीत होता हे खरे, पण तो ज्याला मारीत होता तो इतर सर्वांना मारणारा होता.

१९६६ साली पेनने हे छापले आणि १९६९ साली अशा प्राण्याला एक नाव सुचवले. आपल्या जुन्या वाड्यांच्या, किल्ल्यांच्या दगडी कमानी आठवा. कमानीच्या माथ्यावर मधोमध एक पाचरीसारखा दगड असतो. त्याच्यावर भार फार नसतो, दिसायलाही तो इतरांसारखाच. पण तो काढला की कमान ढासळते. त्या दगडाच्या इंग्रजी नावावरून पेनने अशा जातीला 'कीस्टोन' जाती म्हटले. पुढे हा शब्द इतका लोकप्रिय झाला, की ज्याला त्याला आपापला आवडता प्राणी कमानीचा दगड वाटू लागला. मूळ प्रयोगाइतकी पक्की कसोटी मात्र थोड्यांनीच लावली. स्वतः पेनने न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर जाऊन तिथला निराळा तारामासा काढून पाहिला. तिथेही शिंपल्यांनीच खडक बळकावला. उलट ओरेगॉनच्या किनाऱ्यावर ब्रूस मेंज ह्यांनी पुढे दाखवले, की लाटांच्या माऱ्याच्या जागी तारामाशाचा अंमल कडक असतो, पण आडोशाच्या जागी तोच तारामासा जवळजवळ निरुपद्रवी असतो. एका खडकाचा कायदा दुसऱ्या खडकाला जसाच्या तसा लावू नये, हे प्रयोगानेच शिकवले.

गुरुजी मंडळींना इथे एक सुचवावेसे वाटते. कातळ जवळ असेल तर हातभर चौरस रंगाच्या ठिपक्यांनी आखून मुलांकडून दर महिन्याला त्यातले प्राणी मोजून घ्यावेत. काही उपटण्याची गरज नाही. उतरती सुकती असताना जावे, पाणी फिरायच्या आत परतावे. देशावर असाल तर शाळेच्या आवारात एक कोपरा गुरांपासून राखावा व तेवढाच दुसरा मोकळा ठेवावा. दोन्ही मोजावेत. एकच मोजून उपयोग नाही.

पेनच्या हातून आणखी एक गोष्ट झाली. १९७१ साली अलास्काच्या ॲल्युशियन बेटांपैकी अम्चित्का बेटावर अमेरिका जमिनीखाली मोठा अणुस्फोट करणार होती, म्हणून तिथल्या जीवांची पाहणी चालू होती. जेम्स एस्टिस नावाचा विद्यार्थी समुद्री पाणमांजरांवर काम करीत होता. केल्प नावाच्या पाण्याखालच्या वनस्पतींच्या रानामुळे पाणमांजरे कशी जगतात, हा त्याचा विषय. पेन तिथे आला असता त्याने सुचवले, की प्रश्न उलटा करून पाहा: पाणमांजरांमुळे रानाचे काय होते?

इथे पाणमांजरे पकडून भिरकावण्याची गरज नव्हती. ते काम केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी आधीच केले होते. १७४१ नंतर त्यांची बेसुमार कत्तल झाली, आणि १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारापर्यंत जेमतेम एकदोन हजार उरली. नंतर काही बेटांवर ती पुन्हा वाढली, काहींवर नाही. एस्टिस अम्चित्काहून पश्चिमेच्या शेम्या बेटावर गेला. तिथे पाणमांजर नव्हते. पाण्यात डोके घालताच त्याला दिसले, की तळावर काट्यांच्या चेंडूंसारखे समुद्री अर्चिन पसरले आहेत आणि केल्पचा मागमूस नाही. अर्चिन केल्प खातो, पाणमांजर अर्चिन खाते. अम्चित्काला पाणमांजर होते म्हणून रान होते. १९७४ साली हे प्रसिद्ध झाले. १९९० नंतर त्या भागातील पाणमांजरे पुन्हा झपाट्याने घटली. एस्टिस आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ह्याचा ठपका ऑर्का जातीच्या देवमाशांवर ठेवला. जिथे पाणमांजरे गेली तिथे अर्चिन वाढले आणि रान पुन्हा उजाड झाले.

पेन १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून टाटूश बेटावर काम करीत राहिला. हे बेट मका नावाच्या आदिवासी जमातीचे, आणि तिच्या परवानगीने हे संशोधन चालले. तो २०१६ सालच्या जूनमध्ये वारला. त्याच्या अखेरच्या वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९६३ साली त्याने ८ मीटर खडकावर जे हाताने केले ते, २०१३ पासून, कुणी हात न लावता मेक्सिकोपासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यावर होऊ लागले. तारामाशांना रोग लागला. अंगावर पांढरे व्रण पडावेत, हात वेडेवाकडे पिळले जावेत, गळून पडावेत, आणि काही दिवसांत सगळे शरीर विरघळल्यासारखे व्हावे. पेनचा जांभळा तारामासाही त्यात सापडला. काही ठिकाणी त्याची नवी पिल्ले पुढे मोठ्या संख्येने दिसली हे नशीब. खोल पाण्यातला, वीसएक हातांचा जो सूर्यफुली तारामासा आहे त्याचे मात्र नव्वद टक्के, पाच अब्जांहून अधिक, मेल्याचा अंदाज आहे. तो अर्चिन खाणारा. उत्तर कॅलिफोर्नियात तर पाणमांजरे पूर्वीच नाहीशी झालेली होती. २०१४ ते २०१६ ह्या काळात समुद्राचे पाणीही नेहमीपेक्षा गरम झाले. अर्चिन मोकाट सुटले, आणि तिथल्या केल्पच्या रानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग गेला. रानाबरोबर त्यात राहणारे मासे नि शंख गेले, आणि त्यांवर पोट असणारी माणसे अडचणीत आली.

रोगाचे कारण बारा वर्षे हाती लागत नव्हते. मध्यंतरी एका विषाणूकडे बोट दाखवले गेले, ते पुढे टिकले नाही. मग कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील संशोधकांनी धीराने वर्षानुवर्षे एकच प्रयोग फिरवून फिरवून केला. रोगी तारामाशाच्या शरीरातला द्रव काढून तो निरोगी तारामाशांना टोचायचा; आणि तोच द्रव आधी तापवून किंवा बारीक गाळणीतून गाळून दुसऱ्या निरोगी तारामाशांना टोचायचा. कच्चा द्रव टोचलेले आजारी पडून मरत. त्या द्रवातून त्यांनी एक जंतू वेगळा काढला. पटकीचा जंतू ज्या व्हिब्रिओ कुळातला, त्याच कुळातला हा. त्याचे नाव व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा. नुसता तो जंतू टोचला तरी तोच रोग झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हे जाहीर झाले. तापवलेला आणि गाळलेला द्रव ज्यांना टोचला होता ते शेजारच्या टाकीतले तारामासे मात्र निरोगीच राहिले होते.